पालखीत कोण बसणार?

बुद्धिबळात प्यादं मेलं की आपण ते उचलून पटाशेजारी आडवं ठेवतो आणि पुढची खेळी करतो. त्याला नाव नसतं, गाव नसतं, मागं रडणारं कुणी नसतं. नव्या डावात ते आपल्या घरी पुन्हा ताठ उभं. यात निर्दयपणा काही नाही, ती खेळाची सोय आहे. एकेका प्याद्यापाशी थांबायचं म्हटलं तर डाव कधी संपायचाच नाही.

१९९० मध्ये एका जपानी माणसानं ही सोय काढून घेतली. शोझो कागा त्याचं नाव आणि निन्तेंदोच्या फॅमिकॉमवर आलेला त्याचा खेळ 'फायर एम्ब्लेम'. तो ज्या 'इंटेलिजंट सिस्टिम्स'मध्ये होता, तिथंच दोन वर्षांपूर्वी 'फॅमिकॉम वॉर्स' हा लढाईचा खेळ तयार झाला होता. पैसे जमवायचे, पायदळ आणि रणगाडे काढायचे, पुढं लोटायचे, गेले तर नवे काढायचे. दुसरीकडं १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून जपानी पोरांना रोल-प्लेइंग खेळांचं वेड लागलेलं. त्यात एक पोरगा तलवार घेऊन घराबाहेर पडतो आणि मार खात खात मोठा होतो. कागानं पट पहिल्याचा घेतला, माणूस दुसऱ्याचा. चौकोन तेच, आळीपाळीनं खेळणं तेच, पण आता चौकोनात उभ्या असलेल्या सोंगटीला नाव होतं, चेहरा होता, तिचं कुणाशी तरी भांडण होतं आणि कुणाला तरी भेटायचं राहून गेलं होतं. आणि ती मेली की मेली. पुढच्या प्रकरणात तिची जागा रिकामी.

उसनवारी इतकी उघड आहे की लपवायचं कारणच नाही. मार्थ नावाचा राजपुत्र मेला की डाव संपतो, हा सरळसरळ बुद्धिबळातला राजा. साधा शिपाई अनुभव मिळवून वरच्या दर्जाचा योद्धा होतो, हे प्याद्याच्या बढतीचं भावंड. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात तर प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरच्या मोहऱ्याचं रूप घेई, घोड्याच्या घरी घोडा आणि हत्तीच्या घरी हत्ती. म्हणजे कोण व्हायचं हे कुठल्या वाटेनं आलात त्यावर ठरायचं. १९९२ च्या दुसऱ्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये खेड्यातली काही पोरं येतात. ती अजून कुणीच नसतात. त्यांचं काय होणार, शिपाई, तिरंदाज की मांत्रिक, ते पुढं ठरतं. मावळ्यांच्या मुलखात राहणाऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

वंशावळ आणखी मागं जाते. प्रशियातल्या राइसविट्झ बापलेकांनी १८१२ पासून १८२४ पर्यंत अधिकाऱ्यांना लढाई शिकवण्यासाठी 'क्रीगश्पील' घडवला. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातले शिपाई घरातल्या फरशीवर आणले. १९७१ च्या 'चेनमेल'मध्ये एक बाहुली म्हणजे वीस माणसं असा हिशेब होता, पण त्याच पुस्तकात एक बाहुली म्हणजे एकच माणूस अशी खेळायचीही तरतूद होती. त्या तरतुदीच्या फटीतून १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडलं. थोडक्यात, रोल-प्लेइंग ही लढाईच्या पटाचीच लेक. ती गुहा-जंगलांत नांदायला गेली आणि जपानात माहेरी परतली तेव्हा अख्खा संसार घेऊन आली. घर तेच, पण आता कोण कुठं बसणार यावरून वाद सुरू.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच फार परकं वाटत नाही, कारण आमच्याकडं दर दिवाळीला दारात किल्ला होतो. विटा आणि दगड रचायचे, चिखलात बुडवलेलं गोणपाट वरून पसरायचं, ते सुकायच्या आत बोटांनी पायऱ्या काढायच्या, उतारावर हळीव पेरायचा आणि मग बाजारातून चित्रं आणायची. चित्रं म्हणजे मातीचे मावळे, तोफा, भालदार, सिंहासनावरचे महाराज. शिवाय गवळण, शेतकरी आणि कसा कुणास ठाऊक पण एखादा वाघ. किल्ल्याचा दरवाजा बोटभर आणि त्याच्यावर पहारा देणारा मावळा वीतभर. घोडेस्वार बुरुजापेक्षा उंच. हे प्रमाण चुकलंय असं एकाही पोराला कधी वाटलेलं नाही. फॅमिकॉमच्या नकाशावरही एक स्वार म्हणजे अख्ख्या गावाएवढा, आणि त्याच्या चौकोनाला चौकोन लागून किल्ला. माणूस मोठा दिसला पाहिजे, भिंत समजून घेता येते, हा करार दोन्हीकडं एकच.

पण मला त्या किल्ल्यावरची वेगळीच गोष्ट आठवते. नव्या चित्रांना आम्ही कधी नावं ठेवली नाहीत. नावं मिळायची ती जुन्यांना. गेल्या वर्षी हात मोडलेला आणि डिंकानं चिकटवलेला भालदार, पावसात रंग उडून पांढराफटक पडलेला तोफवाला. भालदाराचा हात कसा मोडला ही एक गोष्ट होती, म्हणून त्याला चोरदरवाज्यावर उभं करायचं ठरलेलं असे, आणि दुसऱ्या पेठेतली पोरं किल्ला बघायला आली की आधी तो दाखवला जाई. इजा झाली की चित्राचा माणूस होतो. कागाच्या खेळातही तसंच घडतं. जो स्वार एका घावाच्या अंतरानं वाचला तोच लक्षात राहतो, लेखकानं त्याच्या तोंडी काय संवाद घातलेत ते नंतर.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि हे खेळ त्याच्यामुळं माझ्या घरात आले. तो त्यांना 'टॅक्टिक्सचे गेम' म्हणतो. २०१२ च्या 'एक्सकॉम'मध्ये भरती होणाऱ्या शिपायांची नावं बदलता येतात. त्यानं तालमीच्या फुटबॉल संघातली सगळी पोरं पृथ्वीच्या रक्षणाला लावलेली. त्या खेळात शिपाई थोडा मुरला की त्याला टोपणनाव मिळतं, याचं कोल्हापूरकराला काय कौतुक! आमच्याकडं टोपणनावाशिवाय माणूस मुरलेला धरतच नाहीत. मेलेल्यांची नावं त्या खेळात बराकीतल्या एका भिंतीवर लागतात. एके रात्री मी विचारलं, "काय रे, एवढा गप का?" तर म्हणाला, "मामा, आपला गोलकीपर गेला ओ." खरा गोलकीपर तेव्हा चौकात चहा पीत असणार.

संकेत उसने घेणं आणि ते आतून फिरवणं हे आमच्या गावाला तरी नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये इथं 'सिंहगड' हा मूकपट काढला, तो हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. कादंबरीच्या मागं बखरी, बखरींच्या शेजारी तुळशीदासाचा पोवाडा. घोरपडीच्या शेपटीला दोर बांधून कडा चढायचा प्रसंग इतिहासकार मान्य करत नाहीत, पण तो सुटतही नाही, कारण प्रकाराला तो लागतो. ऐकणारा त्याची वाटच बघत असतो. पेंटरांनी प्रसंग जुनाच घेतला, पण रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. गोष्ट तीच, आणि बघणाऱ्याला पहिल्यांदा ती अंधारात घडताना दिसली. संकेत मोडायलाच पाहिजे असं नाही, कधी कधी त्यावर दिवा दुसऱ्या बाजूनं धरला तरी पुरतं.

टॅक्टिक्सच्या खेळांतही हेच चालतं. २००३ च्या 'डिसगाया'त लेव्हल नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत चढते. तो सगळ्या प्रकाराची टिंगल करतो आणि प्रकाराच्या नियमांत राहूनच करतो. तमाशात मावशी आणि पेंद्या गौळणीचं हसं करतात, पण गौळण बंद पाडत नाहीत, तसलं. २०१८ चा 'इन्टु द ब्रीच' सगळा पसारा झाडून पुन्हा आठ बाय आठच्या पटावर येतो आणि शत्रूची पुढची खेळी आधीच दाखवून टाकतो. मला तो फार आवडतो, पण त्याच्याविषयी लिहिण्यासारखं थोडं, खेळण्यासारखं पुष्कळ.

लिहिण्यासारखं आहे ते यासुमी मात्सुनोविषयी. १९९५ च्या 'टॅक्टिक्स ओगर'मध्ये तो तुम्हाला तुमच्याच नेत्याकडून एक हुकूम देववतो: आपल्याच लोकांचं गाव कापा आणि आळ शत्रूवर घाला. तोवरचा संकेत असा की कामगिरी मिळाली म्हणजे ती करायची. इथं पहिल्यांदा हुकमाकडं बघत बसावं लागतं. होय म्हटलं तरी खेळ चालू राहतो आणि नाही म्हटलं तरीही, पण वाट बदलते आणि सोबतीचे लोक बदलतात. १९९७ च्या 'फायनल फॅंटसी टॅक्टिक्स'मध्ये त्यानं आणखी एक केलं. गोष्ट सांगतो तो शेकडो वर्षांनंतरचा एक इतिहासकार, आणि तो सुरुवातीलाच सांगतो की ग्रंथांतला नायक वेगळा आहे. आपण ज्याला खेळवतोय त्या रामझाला धर्मद्रोही ठरवून इतिहासातून काढून टाकलंय. नाव राहिलंय ते राजा झालेल्या डेलिटाचं. म्हणजे पटावर सगळं जिंकूनही दप्तरात नोंद नाही. बखरी आणि कागदपत्रं यांच्यात हेलपाटे घालणाऱ्या मराठी वाचकाला यात आपलंच घर दिसतं.

त्याच खेळात माणूस पडला की त्याच्या डोक्यावर तीनचा आकडा येतो. दर पाळीला एक कमी. शून्याच्या आत कुणी पोचलं तर तो उठतो, नाही पोचलं तर त्याचा स्फटिक होतो किंवा पेटी, आणि स्फटिक उचलणाऱ्याला त्याच्या अंगची एखादी विद्या मिळू शकते. प्यादं आडवं ठेवण्यापासून किती लांब आलो बघा. मरण आता एका क्षणात होत नाही, त्याला अवधी आहे, आणि त्या अवधीत धावत जायचं की लढाई सांभाळायची ही आपली पंचाईत.

या पंचाइतीवर खेळणाऱ्यांनी तोडगा फार लवकर काढला. आवडता माणूस मेला की बटण दाबायचं आणि प्रकरण पहिल्यापासून. कागानं पुढच्या दारानं बाहेर काढलेली सोय लोकांनी मागच्या दारानं आत घेतली. मग कंपनीनंही मान डोलावली. २०१० पासून 'फायर एम्ब्लेम'मध्ये पडलेला माणूस पुढच्या प्रकरणात परत येईल असा सौम्य पर्याय मिळतो, आणि २०१९ च्या 'थ्री हाउसेस'मध्ये तर वेळच मागं फिरवता येते. जुने खेळाडू यावर नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. शाहीरही दर कार्यक्रमात बाजीप्रभूला पुन्हा उभा करतोच की. फक्त तो त्याला खिंडीतून जिवंत बाहेर काढत नाही.

बाजीप्रभूवर आलोच आहे तर पन्हाळ्याचंच बोलतो. गेल्या पावसाळ्यापासून भाचा आणि मी पन्हाळा ते विशाळगड असा एक पट आखतोय. आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं, कारण रोज काहीतरी खोडावं लागतं. १६६० चा मार्च ते जुलै सिद्दी जौहरचा वेढा. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन आणि स्वतःचं निशाण फडकावत वेढ्यात सामील झालेले, म्हणजे पटावर तिसऱ्या रंगाच्या सोंगट्याही आल्या. १२ जुलैची रात्र, मुसळधार पाऊस, राजदिंडीनं खाली उतरायचं, मसाई पठार ओलांडायचं, पुढं पन्नास किलोमीटरच्या वर चिखल. मागं सिद्दी मसूद. घोडखिंडीत बांदलांचे लोक आणि बाजी, फुलाजी हे दोघे भाऊ. आणि विशाळगडाच्या पायथ्याशी पोचलात तरी सुटका नाही, तिथं सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा फोडायचाय. असला पट कुणी मनानं रचला असता तर भाच्यानंच त्याला 'ओव्हरडिझाइन' म्हणून परत पाठवला असता.

खिंडीचा संकेत सगळ्या खेळांत आहे. चिंचोळी जागा धरा, दारात चिलखतवाला उभा करा, समोरच्यांची संख्या कामाला येत नाही. त्याचा जोडीदार संकेत म्हणजे 'अमुक पाळ्या तग धरा', आणि पडद्याच्या कोपऱ्यात किती राहिल्या तो आकडा. भाच्यानं अर्थातच तो आकडा काढला होता. मी तो खोडला. बाजीला कुठं आकडा दिसत होता? गडावरून तोफा ऐकू येईपर्यंत, एवढंच ठाऊक.

"मामा, प्लेअर वैतागणार की ओ. संपायचं कधी तेच कळंना त्याला."

"तोफा वाजल्या की कळंल."

"आणि पावसात ऐकूच नाही आल्या तर?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं. आता तोफांचा आवाज पावसाच्या जोरावर ठेवायचं ठरलंय.

राजाचा नियम आम्हाला आयता मिळाला. लाख मरावेत पण लाखांचा पोशिंदा जगावा, ही म्हण या मोहिमेच्या संदर्भात हमखास निघते, आणि तो बुद्धिबळाचाच नियम आहे, कागाचाही तोच. पण शिवा काशीद या नियमात बसत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा माणूस, दिसायला महाराजांसारखा, महाराजांचा पोशाख करून दुसऱ्या पालखीत बसला आणि ती पालखी मुद्दाम पकडली जाईल अशा वाटेनं गेली. ओळख पटल्यावर त्याला मारलं. बुद्धिबळात अशी खेळीच नाही. तिथं प्यादं वजीर होईल, पण राजा व्हायची मुभा त्याला कधीच नाही, आणि खोटा राजा तर पटाच्या कल्पनेतच नाही. पट दोघांना सारखा दिसतो, त्यावर सोंग कसं चालणार? सोंग चालायला समोरच्याला अंधार लागतो आणि पाऊस लागतो.

म्हणून २००८ च्या 'फायर एम्ब्लेम'च्या नव्या आवृत्तीत एक प्रसंग समोर आला तेव्हा मी उठून बसलो. सुरुवातीच्या प्रकरणांच्या शेवटी मार्थला वेढ्यातून निसटायचं असतं आणि कुणीतरी मार्थ बनून शत्रूला दुसरीकडं ओढायचं असतं. खेळ विचारतो: कोण? मूळ १९९० च्या खेळात हा प्रसंग नव्हता. आपण ज्यांना आत्ताच वाढवायला सुरुवात केलीय त्यांच्यातला एक निवडून द्यायचा, तो गेला. फ्रे नावाचा स्वार या आवृत्तीत नव्यानं घातलाय, तो बहुतेक याचसाठी. अठरा वर्षांनी त्या प्रकाराला शिवा काशीद सापडला असं मला त्या वेळी वाटलं. मग दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या खेळात तोच फ्रे जिवंत परत येतो. त्या कंपनीचं इतकं चांगलं चाललेलं असताना हे कशाला केलं, ते त्यांनाच ठाऊक. नेबापूरला जाऊन समाधी बघून आलेल्या माणसाला ते गोड लागणार नाही, एवढं मी सांगू शकतो.

शिवा काशीदचं निदान नाव राहिलं. बाजीचं, फुलाजीचं राहिलं. बांदलांना पुढं मानाचं पहिलं पान मिळालं असं सांगतात. खिंडीतल्या बाकी तीनशेंची नावं 'एक्सकॉम'सारख्या भिंतीवरही नाहीत. आमच्या पटात त्यांना नावं द्यायची की नाही यावर एक आठवडा गेला. भाच्याचं म्हणणं, प्रत्येकाला नाव, गाव आणि एक ओळ, संगणकानं आपोआप जुळवलेली. मला ते पटेना. खोटं नाव देऊन आपण आपली हौस भागवतो, त्यांचं काय होतं? शेवटी ते निनावी उभे राहतात आणि ज्यानं निदान एक घाव झेलला त्याला खेळणाऱ्यानं नाव द्यायचं, असं ठरवलं. डिंक लावलेल्या भालदाराची ही वशिलेबाजी आहे, हे भाच्याला माहीत नाही.

पालखीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. भाचा म्हणतो, जपान्यांनी केलंय तेच बरोबर: यादी समोर ठेवायची, खेळणाऱ्यानं बोट ठेवायचं, ज्याच्यावर ठेवलं तो गेला. निवड हीच तर खेळातली गोष्ट. मी म्हणतो, नाही. पालखीत कोण बसणार हे खेळणाऱ्यानं सांगायचं नाही, पटावरच्या माणसानं पुढं येऊन सांगायचं. आणि तो कोण असेल ते आधी कळता कामा नये. कदाचित तुमचा सगळ्यात वाढवलेला गडी असेल, कदाचित ज्याच्याकडं तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाही तो.

"मग प्लेअरनं काय करायचं? बघत बसायचं?"

"त्याला हो म्हणायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

नाही म्हटलं तर पट पुढं कसा चालतो, दुसरा कुणी उठतो का, की सगळेच राजदिंडीवर खोळंबतात, हे आम्ही चार प्रकारे आखून बघितलं आणि चारही खोडले. पाऊस किती चौकोनांवर पाडायचा यावर मात्र आमचं पहिल्या दिवसापासून एकमत आहे. सगळ्या.